रडका केक

जव्हार,
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

चि. ममता,
आशीर्वाद.

डब्यात सगळ्यात वर हे पत्र ठेवलं आहे. आधी ते वाच, मग डब्याला हात लाव. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि मध्येच तुमच्या सूर्यमाळची रेंज जाते. कागदावर लिहिलेलं दुसऱ्यांदा वाचता तरी येतं.

केकचे चार स्पंज, म्हणजे थर, पाठवते आहे, दोन व्हॅनिला, दोन चॉकलेट. रविवारी भाजले, पूर्ण गार झाल्यावर प्रत्येकाला दोनदा प्लास्टिकची फिल्म गुंडाळली आणि फ्रीजरमध्ये ठेवले. आता दगडासारखे कडक आहेत. रोहिदासच्या सवारी जीपमध्ये पुढच्या सीटखाली डबा ठेवायला सांगितला आहे. वाटेत कुठेही उघडायचा नाही, असंही बजावलं आहे.

आता नीट वाच. थर डब्यातून काढून ताटात ठेव, फिल्मसकट. फिल्म काढायची नाही. दोन तास तसेच राहू देत. फिल्मला बाहेरून पाणी सुटेल, ते कोरड्या फडक्याने पुसायचं. बोटाने दाबून मध्ये किंचित कडक लागला की मगच फिल्म काढ, वरचा फुगवटा सुरीने काप, साखरेचं पाणी मार आणि क्रीमचा पहिला पातळ हात दे. अर्धा तास थांब. मग दुसरा हात आणि शेवटी फुलं.

माझं उजवं मनगट आता क्रीमची पिशवी दाबू देत नाही, म्हणून भाजणं माझं आणि सजवणं तुझं असं आपण मे महिन्यात ठरवलं. त्या पंधरा दिवसांत इथे तुझा हात चांगला बसला होता. दिवाळीनंतर घराला कुलूप लावून उमेशबरोबर सगळ्यांनी भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचं आणि लेकीची, प्रतिक्षाची, पाचवी अर्ध्यात मोडायची, हे यंदा नको, असं तूच म्हणालीस. केक चांगले झाले तर तुला जावं लागणार नाही. म्हणून निष्काळजीपणा चालणार नाही.

तुझी आत्या,
चंद्रा

---

सूर्यमाळ,
२४ ऑगस्ट

ती. चंद्राआत्या यांस,
ममताचा नमस्कार.

डबा वेळेवर आला. थर कडक होते. तुम्ही लिहिलं तसंच केलं.

पण आत्या, केक चांगला झाला नाही. खोडाळ्याच्या भावेशचा पहिला वाढदिवस होता. निळी क्रीम, वर लाल अक्षरात नाव. इथून निघाला तेव्हा बरा होता. उमेशने शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मांडीत धरून नेला. तिथे पोहोचेपर्यंत क्रीमवर पाण्याचे थेंब उभे राहिले, नावातली अक्षरं खाली ओघळली आणि एका बाजूची क्रीम घसरून ताटात आली. भावेशच्या आजीने विचारलं, "ह्यो केक रडतो काय गं?" सगळे हसले. उमेशने ते घरी येऊन सांगितलं आणि स्वतःच पहिल्यांदा हसला. मग हसला नाही.

क्रीम माझ्याकडून कमी फेटली गेली असेल. पुढच्या वेळी नीट करते.

प्रतिक्षा शाळेत जाते. सासूबाईंचे गुडघे पावसाने दुखतात.

तुमची,
ममता

---

जव्हार,
३ सप्टेंबर

चि. ममता,
आशीर्वाद.

"तुम्ही लिहिलं तसंच केलं" हे वाक्य एकतीस वर्षं मी वर्गात ऐकलं. तसंच केलं असतं तर केक रडला नसता. क्रीम कमी फेटली तर ती सुरुवातीलाच बसत नाही, तासाभराने थेंब धरत नाही. थेंब धरले म्हणजे स्पंजला ओल होती. ओल कुठून आली?

उत्तरं क्रमाने लिही. दोन तास थांबलीस की घाई केलीस? साखरेचं पाणी किती मारलंस? पहिल्या आणि दुसऱ्या हातामध्ये अर्धा तास गेला का? फिल्म कधी काढलीस?

त्याच रविवारी भाजलेले दोन थर मी इथे ठेवले होते, त्यांचा केक केला. वेडावाकडा, कारण मनगट, पण कोरडा ठणठणीत. म्हणजे दोष थरात नाही.

या डब्यात पुन्हा चार आहेत. या वेळी बर्फाच्या पिशव्या दुप्पट ठेवल्या आहेत.

चंद्रा

---

सूर्यमाळ,
७ सप्टेंबर

ती. आत्या यांस,
नमस्कार.

दोन तास थांबले. साखरेचं पाणी चार चमचे. मध्ये अर्धा तास गेला. घड्याळ लावून बसले होते.

हाही केक बिघडला. या वेळी फुगला. क्रीम लावून झाल्यावर एका बाजूला फोड आला, टोचला तर आतून ओलसर हवा आली आणि तिथे खड्डा पडला. त्यावर फूल काढून झाकला. पण मग दुसऱ्या बाजूला आला. शेवटी इतकी फुलं झाली की उमेश म्हणाला, "केक हाय का मयताचा हार?" गिऱ्हाइकाने केक ठेवून घेतला, पण पुढच्या महिन्यात त्यांच्या घरी साखरपुडा आहे, त्याचा केक नाशिकहून आणणार असं कळलं.

आणखी एक. थरांच्या कडा थोड्या तुटलेल्या होत्या. प्रत्येक थराची एका ठिकाणी. त्यामुळे बाजू सरळ येत नाही, क्रीम जास्त लागते. तुम्ही विचाराल म्हणून लिहिलं.

वीटभट्टीचा मुकादम पाड्यावर येऊन गेला. नवराबायकोच्या किती जोड्या कामाला येणार ते विचारत होता. उमेश म्हणाला, दिवाळीनंतर सांगतो.

ममता

---

जव्हार,
१० सप्टेंबर

चि. ममता,

कडा तुटल्या म्हणजे काय? इथून निघताना चारही थर गोल होते. मी स्वतः गुंडाळले. प्रत्येकाची एकाच ठिकाणी कड जाते म्हणजे ती आपोआप तुटत नाही, कोणीतरी तोडतो. आणि तोडायला फिल्म सोडावी लागते. आता कळलं ओल कुठून येते.

आज सकाळी एसटी डेपोसमोर रोहिदासला गाठला. माझ्याच हाताखाली आठवीत होता, तेव्हाही दुसऱ्यांचे डबे खायचा. सरळ विचारलं, "केक कसा लागतो रे, कच्चा?" तो म्हणाला, "बाई, कसला केक?" मी म्हटलं, "तोंड पूस आधी." जीपमधली माणसं हसली. हसू देत. चार लोकांत बोललं की पुन्हा हात लागत नाही.

पुढचा डबा दोरीने बांधून, गाठीवर लाख लावून पाठवीन. लाख मोडलेली दिसली तर मला कळव.

चंद्रा

---

जव्हार,
२८ सप्टेंबर (पोस्टाने)

चि. ममता,

माझ्या दहा तारखेच्या पत्राला उत्तर नाही. तू आजारी आहेस की रुसली आहेस, ते कळत नाही.

रोहिदासने डबा न्यायला नकार दिला आहे. दोन बुधवार झाले. मी डबा घेऊन उभी राहते, तो दुसऱ्या दाराने सवाऱ्या भरतो. परवा म्हणाला, "बाई, माझ्या गाडीत देवाची मूर्ती गेली, बाळंतीण गेली, लग्नाचे दागिने गेले. तुमचा केक नाही जाणार." दुसरा कोणी जीपवाला सूर्यमाळपर्यंत जात नाही. फ्रीजरमध्ये अकरा थर पडून आहेत. महिन्यापलीकडे ठेवले की त्यांना फ्रीजरचा वास लागतो.

तू मागे फोनवर सांगितलेल्या त्या दोन ऑर्डरींचं काय केलंस?

चंद्रा

---

सूर्यमाळ,
५ ऑक्टोबर (पोस्टाने)

ती. आत्या यांस,
ममताचा साष्टांग नमस्कार.

दोन ऑर्डरी मी परत केल्या.

रोहिदासदादांनी काही खाल्लं नाही. हे तुमचं पत्र आलं त्याच दिवशी लिहायला हवं होतं. तीन वेळा कागद घेतला आणि ठेवून दिला. दादा पाड्यावर आले की मी घरात जाऊन बसते. त्यांच्यासमोर उभं राहवत नाही.

डबा आला की सासूबाई तो उघडतात. घरात बाहेरून कुठलंही खाणं आलं की आधी देव्हाऱ्यासमोर ठेवायचं, ही त्यांची रीत आहे. भाजी असो, बाजारातला फरसाण असो. उघडं करून ठेवतात, चिमूटभर तोडून हिरवा या आमच्या घरच्या देवाला वाहतात, मग आम्ही घ्यायचं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "आई, प्लास्टिक राहू दे." त्या म्हणाल्या, "झाकलेला देवाला कसा दाखवायचा? देव काय हात घालून बघेल?" त्या प्रत्येक थराची फिल्म सोडतात, कड मोडतात आणि दिवा विझेपर्यंत थर तसेच उघडे राहतात. पाऊण तास तरी. तोवर स्पंजवर दव पडल्यासारखं पाणी येतं. मग मी पुन्हा गुंडाळते आणि तुमचे दोन तास मोजते.

मी खोटं लिहिलं नाही. दोन तास थांबले होते. पण सगळं लिहिलं नाही.

का लिहिलं नाही, तेही सांगते. तुम्ही म्हणाला असता, अडाणी बाई. म्हणाला असता ना? आत्या, तुम्हीही माझ्यासारख्याच आपल्या गावी, वांगणीतच वाढलात. तुमच्या आईने झाकलेलं देवाला दाखवलं असतं का? आणि सासूबाईंना मी उलट बोलले तर प्रतिक्षाला सांभाळणार कोण, मी केक करत असताना?

उमेश म्हणतो, आठ नोव्हेंबरला खोडाळ्याच्या अंगणवाडीच्या येसूताईंचा निवृत्तीचा दोन मजली केक सांगितलाय, तेवढा एक करून बघ. तो उभा राहिला तर तुम्ही तिघी राहा. नाही तर नऊ तारखेला ट्रक येईल, त्यात सगळे बसू. त्याचा राग नाही, पण त्याला लोकांचं हसणं सहन होत नाही.

रोहिदासदादांना तुम्ही सांगा. माझ्याने होत नाही.

ममता

---

जव्हार,
९ ऑक्टोबर

ममता,

पत्र मिळालं.

एका निरपराध माणसाला मी डेपोसमोर चोर ठरवलं, आणि तू पंचवीस दिवस ते ठाऊक असून गप्प बसलीस. तुझ्या सासूने थर उघडले याचा मला एवढा राग नाही. फिल्मची गोष्ट तिला कोणी सांगितलीच नाही. तू मात्र सगळं जाणून होतीस.

मी काय म्हणाले असते ते तूच ठरवलंस आणि त्याचा दोष मलाच दिलास. फार सोयीचं आहे.

थर पाठवणार नाही. फ्रीजर विकायला काढते आहे.

चंद्रा

---

सूर्यमाळ,
२५ ऑक्टोबर

विहीणबाईंना नवशीचा रामराम.

(आजी सांगते आणि मी लिहिते. मी प्रतिक्षा. आजी म्हणते तसंच लिही, सुधारू नको.)

तुमची भाची दिवाळीत पण नीट जेवली नाय. मी विचारला तर सांगना. मग उमेश बोलला. मना काय ठावा, त्या प्लास्टिकात काय हाय ते? मना वाटला, बाजाराचा प्लास्टिक हाय, काढायचा असतो. पोरीनं एकदा सांगितला राहू दे, पण का राहू दे ते नाय सांगितला. तिला पण ठावा नसल.

तुम्ही मोठ्या बाई. शिकलेल्या. तुम्ही मना सांगा, उघडा केला तर काय होतं? मी ऐकीन का नाय ते मंग बघू.

रोहिदास आमच्या पाड्याला आलता. त्याला मी सांगितला, कड मी मोडली, देवासाठी मोडली, तू नाय खाल्ला. तो म्हणला, "नवशीआजी, तू सांगून काय उपयोग? चंद्राबाईंनी डेपोवर सांगितलं, तर डेपोवरच पुसायला पायजे." आता ते तुमचा तुम्ही बघा.

भट्टीवर मी तेरा साल गेले. तिथं पोरीला चिखल तुडवायला लावतात. मना आता जायचा नाय. माझा पण काम अडलाय त्या केकावर, समजला ना?

(आजी म्हणते, संपला. आत्याआजी, मी पाचवीत दुसरी आले.)

---

जव्हार,
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

श्रीमती नवशीबाई यांस,
चंद्राचा सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारलंत, उघडं केलं तर काय होतं. या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच पत्रात असायला हवं होतं. मी नुसतं "काढायची नाही" एवढंच लिहून मोकळी झाले. शिक्षिका होते तरी असं केलं, याची मला लाज वाटते.

थंड वस्तूवर हवेतलं पाणी बसतं. फ्रीजमधला पाण्याचा तांब्या बाहेर काढला की बाहेरून ओला होतो, तसं. थर गोठलेला आहे तोवर फिल्म अंगावर असली तर ते पाणी फिल्मवर बसतं आणि पुसता येतं. फिल्म काढलीत तर तेच पाणी स्पंजवर बसतं, तो ते पितो, आणि क्रीम लावल्यावर ते पाणी बाहेर यायला वाट शोधतं. म्हणून थेंब, म्हणून फोड. तुमच्या सूर्यमाळला पावसात ढग घरात शिरतात, तिथे तर विचारायलाच नको.

देवाला दाखवू नका, असं मी सांगणार नाही. माझ्या आईनेही झाकलेलं दाखवलं नसतं, हे ममताने लिहिलं ते खरं आहे. कधी उघडायचं आणि कसं दाखवायचं, ते तुम्ही ठरवा. तुम्हाला कारण सांगितलं, आता माझं काम संपलं.

रोहिदासचं सांगते. आज सकाळी डेपोवर गेले. सकाळच्या गाड्यांची वेळ, सगळी माणसं होती. मी मोठ्याने म्हटलं, "रोहिदास, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. तू काही खाल्लं नव्हतंस. मला क्षमा कर." तो टायरमध्ये हवा भरत होता. वर न बघता म्हणाला, "आठवीतले डबेपण मी नव्हते खाल्ले, बाई." मी म्हटलं, "त्याचा पुरावा माझ्याकडे नाही." "याचा होता काय?" असं म्हणाला. मग त्याने हात पुसले आणि डबा उचलून पुढच्या सीटखाली ठेवला. डब्यात सहा थर आहेत, रविवारी नवे भाजले. जुने अकरा मी इथल्या पोरांना वाटून टाकले.

ममताला वेगळं लिहीत नाही. हे पत्र तिला वाचायला द्या. फ्रीजर अजून इथेच आहे.

आपली,
चंद्रा

---

सूर्यमाळ,
१० नोव्हेंबर

ती. आत्या यांस,
ममताचा नमस्कार.

या वेळी सगळं लिहिते.

बुधवारी डबा आला, तो सासूबाईंनी घेतला आणि झाकणासकट देव्हाऱ्यासमोर ठेवला. तुमचं पत्र प्रतिक्षाकडून दोनदा वाचून घेतलं. म्हणाल्या, "आज नाय उघडायचा. केक शनिवारचा हाय ना?" डबा शनिवारपर्यंत ठेवणार कसा, ते मला सुचेना. शेवटी येसूताईंनीच ओळखीच्या दुकानदाराच्या आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये जागा काढून दिली. उमेश खोडाळ्याला डबा घेऊन गेला आणि शनिवारी पहाटे घेऊन आला.

मग सहाही थर फिल्मसकट देव्हाऱ्यासमोर ताटात मांडले. सासूबाईंनी दिवा लावला, हात जोडले आणि देवाला मोठ्याने सांगितलं, "अजून थंड हाय. जरा थांब." आणि तिथेच फडकं घेऊन बसल्या. फिल्मवर पाणी आलं की पुसायच्या. मला हात लावू दिला नाही. दोन तासांनी बोटाने दाबून बघितलं, मला म्हणाल्या, "मध्ये कडक हाय, वर नाय. बघ तू." मी बघितलं. बरोबर होतं. फिल्म काढली तेव्हा स्पंज हाताला कोरडा लागला. आत्या, पहिल्यांदा कोरडा लागला. वरचा फुगवटा मी कापला, तो अख्खा त्यांनी देवाला वाहिला. कड कोणी मोडली नाही.

खालचा मजला चार थरांचा, वरचा दोन. पहिला हात दिला, थांबले, दुसरा दिला. जीप स्वतः रोहिदासदादांनी आणली आणि घाटात इतकी हळू चालवली की मागच्या ट्रकवाल्याने शिव्या दिल्या. मी दादांची माफी मागितली. ते म्हणाले, "तू मागितलीस, बाईंनी मागितली, आता पुरे. केकाकडे बघ." खोडाळ्यात केक दोन तास मंडपात उभा होता. मी बाजूला उभी राहून नुसता तोच बघत होते. येसूताईंनी कापला तेव्हा एकही थेंब नव्हता.

काल ट्रक आला. मुकादम जोडी हवी म्हणून भांडला. उमेशने ऐकून घेतलं, एकट्याचं अंथरूण वर टाकलं आणि चढला. भट्टीवर आता तो एकटाच हाताने करून खाईल. मी रडले. सासूबाई ओरडल्या, "केक नाय रडला, तू कशाला रडतं?"

ममता

---

जव्हार,
१२ नोव्हेंबर

चि. ममता,
अनेक आशीर्वाद.

केक उभा राहिला, बरं झालं. त्याने उभंच राहायचं असतं.

दुकानदाराच्या फ्रीजरवर कायम विसंबू नकोस. आइस्क्रीमचा फ्रीजर तो दिवसातून पन्नास वेळा उघडतो. आपला फ्रीजर मी रोहिदासच्या जीपवर चढवून शनिवारी तुमच्याकडे पाठवते. वीज जाते तेव्हा झाकण उघडायचं नाही. आत असलेली थंडी बाहेर गेली की परत येत नाही, म्हणून. इथे मी भाजलेलं एका रात्रीपुरतं फ्रीजमध्ये राहील, ताजंच पाठवीन, गोठवायचं काम तिकडे तू कर. फिल्म कशी गुंडाळायची ते नवशीबाईंना दाखव. तुझ्यापेक्षा त्या जास्त काळजीने करतील.

फोटो येसूताईंनी मोबाईलवर पाठवला. वरच्या मजल्यावरची डावीकडची तीन फुलं एकमेकांत घुसली आहेत. घाई केलीस. उमेशला पाठवायला दुसरा फोटो काढला असशील तर उजव्या बाजूने काढलेला पाठव.

प्रतिक्षाला शाळेत पोहोचवूनच कामाला बसत जा.

तुझी आत्या,
चंद्रा